इथाकाच्या वाटेवर वीस हापसे

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगत आयोनियन समुद्रात लेफ्कादा, केफालोनिया, इथाका अशी बेटं आहेत. तिथे शिडाची बोट भाड्याने घ्यायची आणि आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर हिंडायचं, हा सुट्टीचा एक फार सुंदर प्रकार आहे. जाहिरातींत तो आणखीच सुंदर दिसतो. निळं पाणी, पांढरं शीड, डेकवर पाय सोडून बसलेली माणसं, हातात ग्लास, ग्लासात सूर्यास्त. संडासाचा फोटो मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतो. चाळीस फुटी बोटीवर सहा ते आठ माणसं आणि फार तर दोन संडास. त्यातला प्रत्येक म्हणजे गोदरेजच्या कपाटात बसवलेला कमोड. इथाका हे ओडिसियसचं गाव. त्याला घरी परतायला दहा वर्षं लागली. होमरने त्या प्रवासातले राक्षस सांगितले, चेटकीण सांगितली, वादळं सांगितली, पण एवढी माणसं रोज सकाळी काय करत होती याबद्दल अवाक्षर नाही. हे मौन तेव्हापासून चालत आलं आहे आणि माझ्या मते छोट्या बोटीवरच्या बहुतेक सगळ्या दुर्गंधीचं मूळ तेच आहे. बोटीवरचा संडास कागदाने तुंबतो हे खरं, पण तो कागद तिथे पोचतो तो लाजेमुळे.

यंत्र समजून घेतल्याशिवाय हे पटायचं नाही. घरी पाणी वरच्या टाकीतून खाली येतं आणि पुढचं काम गुरुत्वाकर्षण बघतं. बोटीवरचा कमोड बहुधा समुद्राच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम बरोबरीला असतो, त्यामुळे जे खाली जायला हवं ते आधी वर चढवावं लागतं. त्यासाठी कमोडला लागून एक हातपंप असतो. त्याच्याजवळ एक खिट्टी असते. ती एका बाजूला केली की पंप समुद्राचं पाणी भांड्यात ओढतो आणि भांडं बाहेर उपसतो. दुसऱ्या बाजूला केली की नुसतंच उपसतो. हा सगळा ऐवज दीडेक इंची नळीतून, एका लहानशा रबरी झडपेतून, वरच्या अंगाने वळसा घेऊन टाकीत नाहीतर समुद्रात जातो. वळसा मुद्दाम दिलेला असतो, कारण समुद्रालाही उलट्या वाटेने आत यायला आवडतं. म्हणून काम झालं की खिट्टी ‘कोरड्या’ बाजूला करून ठेवायची असते. ती विसरली तर भांडं आपोआप भरत जाऊन पाणी बोटीत शिरू शकतं. घरच्या फ्लशने कुणाचं घर बुडत नाही. इथे ती शक्यता गृहीत धरलेली असते. नळी दोन-तीन मीटर लांब असते आणि एका हापशात थोडंच पुढे सरकतं, म्हणून साधारण वीस हापसे पाण्याचे आणि नंतर आठ-दहा कोरडे, असा हिशोब असतो. पाचावर थांबलं तर जे गेलं असं वाटतं ते नळीच्या मध्यावर बसून पुढच्या माणसाची वाट बघतं.

आता यात लाज कुठे आली? आवाजात आली. संडासाचं दार पातळ प्लायवूडचं, आणि त्याच्या पलीकडे हातभर अंतरावर जेवणाचं टेबल. पंपाचा प्रत्येक हापसा खर्र-फस्स असा वाजतो. दोन कुटुंबं मिळून असा प्रवास करतात तेव्हा टेबलापाशी भाऊजी असतात, नणंद असते, एखादे सासरेबुवा असतात, आणि सगळे ब्रेडला लोणी लावत काहीच ऐकू येत नसल्याचा चेहरा करून बसलेले असतात. आत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की बाहेर मोजणी चालू आहे. तिसऱ्या हापशाला घाम फुटतो, पाचव्याला तो थांबतो, हात धुतो आणि हवापाण्याविषयी बोलत बाहेर येतो. यात त्याचा आळस नाही, त्याची सभ्यता आहे. त्या सभ्यतेचं फळ दुसऱ्या दिवशी वहिनींना मिळतं. यावर उपाय पंपात नाही. निघण्याआधी बोटीच्या कप्तानाने सगळ्यांना एकत्र बसवून स्वच्छ सांगावं की वीस हापसे ऐकू येणं ही इथे चांगल्या घरात वाढल्याची खूण आहे, आणि पाचच ऐकू आले तर आम्ही दार वाजवू.

या बोलण्यात एक नियम पहिल्यांदा येतो आणि तो जगभरच्या छोट्या बोटींवर सारखाच आहे: जे आधी खाल्लेलं नाही ते यात टाकायचं नाही. कागदसुद्धा नाही, कागदासाठी झाकणाची बादली. ग्रीसमध्ये हे जमिनीवरही अनेक ठिकाणी पाळतात, कारण तिथले मैलावाहक नळही अरुंद आहेत, आणि खाणावळीच्या संडासात तशी पाटीच असते. पण नियम असा सुभाषितासारखा सांगून भागत नाही, नावं घ्यावी लागतात. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, कानातले बोळे, दात कोरायचा दोरा, चहाचा चोथा, उरलेली आमटी. पैकी पॅडचं नाव कप्तान बहुधा घेत नाही. ‘बाकी तुम्हाला कळतंच’ म्हणून पुढे सरकतो. न कळलेली गोष्ट मग कुणाला विचारायची हे पुतणीला समजत नाही, आणि दीड इंची नळीला तर काहीच समजत नाही. आमटी टाकणाऱ्याचा युक्तिवाद असतो की ती खाल्लेलीच आहे, थोडी उरली इतकंच. कढीपत्त्याच्या पानाला आणि दालचिनीच्या काडीला हा युक्तिवाद माहीत नसतो. ती झडपेच्या तोंडात आडवी बसतात.

इथे पाणीवाले आपण किंचित छाती फुगवतो. कागद वापरणाऱ्यांची भानगड ती, आमचं काम पाण्याने होतं! हा दावा अर्धा मान्य करायला हरकत नाही. बोटीवर बेसिनचाच नळ ओढून बाहेर येतो आणि त्याचा शॉवर होतो. जेट स्प्रेची सवय असलेल्याला यापेक्षा काय हवं? कागद नाही, बादलीला वास नाही. पण उरलेला अर्धा हिशोब जमिनीवर सांडलेला असतो. त्या कपाटात आंघोळ आणि संडास एकाच फळीवर होतात. सांडलेलं पाणी आपण होऊन कुठे जात नाही, खालच्या खळग्यात साठतं आणि बटण दाबून उपसावं लागतं. त्या खळग्याच्या जाळीत खोबरेल तेल लावलेले लांब केस अडकले की पाणी घोट्यापर्यंत येतं, आणि बोट वाऱ्याने कलली की ते दाराखालून झोपायच्या खोलीत येतं. शिवाय ते पाणी गोडं असतं, तीन-चारशे लिटरच्या टाकीतलं, आणि तेच पुढच्या बंदरापर्यंत प्यायला आणि पोह्यांनाही पुरवायचं असतं. म्हणून पाणीवाल्यांनी बेतानं पाणी घ्यावं, बटण दाबून खळगा कोरडा करावा, जाळीतले केस स्वतः काढावेत आणि भांड्याची कड, बैठक, फळी फडक्याने पुसून बाहेर पडावं. ‘ओलं म्हणजे स्वच्छ’ हा समज घरी चालतो. हलत्या बोटीवर ओलं म्हणजे घसरडं.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक वाक्य उच्चारावं लागतं आणि ते उच्चारताना भलेभले कप्तान समुद्राकडे बघू लागतात. बसून करा. आयोनियन समुद्रात दुपारी वायव्येकडून ‘माइस्त्रो’ नावाचा वारा सुटतो, बोट एका अंगावर कलते आणि उभ्या माणसाचा नेम हा फक्त त्याचा स्वतःविषयीचा विश्वास उरतो. काहींना यात पौरुषाचा प्रश्न दिसतो. ते मग डेकच्या कडेला जाऊन उभे राहतात, एक हात दोरीला आणि एक हात कामात. पाण्यात पडण्याची ही जुनी, खात्रीची वाट आहे, आणि पडल्यावर शोधायला येणाऱ्यांना कारण सांगायची वेळ येते तेव्हा पौरुष फार उपयोगी पडत नाही.

संडासातली चूक कबूल करायला माणूस किती लाजतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण छोट्या बोटीचं नाही, पाणबुडीचं आहे. जर्मनीच्या यू-1206 या पाणबुडीत खोल पाण्यातही चालणारा, जास्त दाबाचा, अतिशय गुंतागुंतीचा संडास होता. तो झडपांच्या ठरावीक क्रमानेच वापरायचा होता. 14 एप्रिल 1945 रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ क्रम चुकला, समुद्र आत घुसला, पाणी खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचलं आणि क्लोरीन वायू सुटला. पाणबुडी वर आणावी लागली, वरून विमानांनी गाठलं, शेवटी ती सोडून द्यावी लागली. चार जण दगावले. आता गंमत बघा. सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी की कप्तान कार्ल-आडोल्फ श्लिट स्वतःच आत होते आणि त्यांना ते यंत्र जमलं नाही. श्लिट यांचं स्वतःचं म्हणणं असं की ते इंजिनघरात होते आणि पुढच्या भागातला संडास एक मेकॅनिक दुरुस्त करत होता. आठ दशकं झाली तरी त्या फ्लशची मालकी घ्यायला कुणी पुढे आलेलं नाही. पाणबुडी गमावल्याची जबाबदारी माणूस एक वेळ घेईल, संडास तुंबवल्याची नाही.

आक्षेप घेणारे म्हणतात, एवढं काय, समुद्र केवढा मोठा आहे, माशांचंही त्यातच चालतं! मोठ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमाने याचं उत्तर अंतरात दिलं आहे: प्रक्रिया न केलेला मैला सोडायचा तर जमिनीपासून बारा सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरच्या पलीकडे, आणि तोही एकदम नाही, जहाज चालू असताना बेताबेताने. आयोनियन बेटांच्या मधल्या पाण्यात जमिनीपासून इतकं लांब जाताच येत नाही. एका बेटाकडे पाठ केली की दुसरं समोर येतं. म्हणून छोट्या बोटीवर टाकी असते. बंदरात आणि खाडीत टाकीची झडप बंद ठेवायची आणि किनारा मागे टाकल्यावर, मोकळ्या पाण्यात उघडायची. हा साधा शिष्टाचार मोडतो तो दुष्टपणाने नव्हे. निवांत खाडीत नांगर टाकलेला असतो, अर्धी मंडळी पोहायला उतरलेली असतात, पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते. खाली कुणीतरी चुपचाप आपलं उरकतो. झडप उघडी आहे की बंद, हे विचारायचं म्हणजे आपण कुठे चाललो ते जाहीर करायचं! तो विचारत नाही. पुढच्या वीस हापशांत कोण किती वेगाने पोहू शकतं हे सगळ्यांना कळतं. शेजारच्या तुर्कस्तानने आपल्या नैऋत्य किनाऱ्यावर यासाठी ‘मावी कार्त’, म्हणजे निळं कार्ड, काढलं आहे. बोटीने टाकी कधी, किती रिकामी करून दिली याची नोंद त्यावर होते. खाजगी गोष्ट सरकारी कागदावर आली की लाज बरीच कमी होते, हे त्या सरकारने ओळखलेलं दिसतं.

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा: हातपंप कशाला, विजेचा कमोड घ्या, बटण दाबा, मोकळे व्हा. विजेच्या कमोडात पाती असतात आणि त्यांना वाइप्सही आवडत नाहीत, दातांचा दोराही आवडत नाही. फरक इतकाच की हातपंप अडकू लागला की हाताला आधी कळतं, बटणाला कळत नाही. उलट टोकाचे साधेपणावाले बादलीचा पुरस्कार करतात. बादलीला झडप नाही, नळी नाही, ती तुंबत नाही, हे मी मान्य करतो. पण केफालोनियावरच्या फिस्कार्दो बंदराच्या धक्क्याला बोटी पाठ लावून ओळीने उभ्या असतात आणि फळी टाकली की पाऊल थेट खाणावळीच्या टेबलाजवळ पडतं. तिथे बादली घेऊन वर येणाऱ्याने तत्त्वज्ञान बरोबर आणलेलं बरं. त्यापेक्षा खाणावळीत एक कॉफी मागवून त्यांचाच संडास वापरणं सोयीचं, आणि टाकीवरचा भारही हलका होतो.

सगळ्यात गंभीर चेहऱ्याने येणारा आक्षेप असा की आपल्यात असलं उघड बोलत नाहीत. आपल्यात म्हणजे कोणात? कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन आपल्यातलेच. कणकवलीजवळ गोपुरीत त्यांनी मैलासफाई आणि गावकऱ्यांना परवडतील असे संडास हे आयुष्याचं काम मानलं, आणि त्याबद्दल ते कुजबुजत नव्हते. बोलायला लाजणारी माणसं हुंगायला मात्र लाजत नाहीत. पहाटे पहिल्या हापशाला कुजक्या अंड्यांचा जो भपका येतो त्याबद्दल बोटीवरच्या काकांकडे सगळे मुकाट्याने संशयाने बघतात. काका निर्दोष असतात. नळीत रात्रभर राहिलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात, तो त्यांचा वास असतो. एवढं सगळ्यांना आधीच सांगितलं की काकांची अब्रू वाचते. तसंच लघवी आणि खारं पाणी मिळून नळीत आतून चुन्यासारखा थर धरतो आणि दीड इंचाची नळी वर्षागणिक बारीक होते. त्याला अधूनमधून वाटीभर व्हिनेगर, आणि पंप जड झाला तर चमचाभर खाण्याचं तेल. घरचं जालीम ॲसिड नको, ते रबरी झडपच खाऊन टाकतं. हे सगळं नाश्त्याच्या टेबलावर बोलावं लागतं, कारण बोटीवर दुसरं टेबल नसतं.

एवढं करूनही तुंबतंच. तेव्हा पुष्कळ बोटींवर जुना कायदा आहे: ज्याने तुंबवलं त्याने उघडायचं. ऐकायला न्याय्य वाटतो, पण मला तो साफ चुकीचा वाटतो. नळी उघडणं म्हणजे काय हे एकदा कळलं की कुणीच कबूल होत नाही. प्रत्येक जण दार लावून बाहेर येतो, पुढचा आत जातो, आणि संध्याकाळपर्यंत एका अडथळ्याचे सहा भागीदार होतात. त्यापेक्षा उलटा कायदा करावा. जो पहिल्यांदा येऊन सांगेल, ‘अहो, पंप जड लागतोय, माझ्याच हातून काहीतरी गेलंय’, त्याला पूर्ण माफी. नळी कप्तानाने उघडायची, हातमोजे घालून, पकड घेऊन. आणि सांगणाऱ्याने फक्त वर जाऊन सगळ्यांसाठी आल्याचा चहा टाकायचा. कप्तानाला दोन कप.