किटीची पोस्ट

१९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' सुरू झाली आणि गाजराचा उपयोग कोशिंबीर-हलव्यापलीकडेही असतो, हे घराघरांत कळलं. काळा चष्मा लावून, गाजर कडाकडा चावत खुनी हुडकणारा पंकज कपूर लोकांनी डोक्यावर घेतला. पण पोरासोरांच्या तोंडी जे बसलं, त्यातला निम्मा वाटा त्याच्या असिस्टंटचा, म्हणजे किटीचा होता.

सुश्मिता मुखर्जींची ही किटी तपासात करायची काय? सरांच्या मागोमाग जायची, डोळे विस्फारायची आणि ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा अशी शंका विचारायची. सरांनी उलगडा केला की लाडिक आवाजात म्हणायची, "सर, यू आर अ जीनियस!" सर मख्खपणे म्हणायचे, "शट अप, किटी!" दोघांचंही समाधान. स्तुती तर हवी, पण ती आवडली असं दिसायला नको, ही थोरामोठ्यांची जुनी अडचण या तीन शब्दांनी सोडवली.

गुप्तहेराला असं माणूस लागतंच. होम्सचा वॉटसन डॉक्टर होता. १९९३ मध्ये आलेल्या 'ब्योमकेश बक्षी'तला अजित लेखक होता. किटीचं शिक्षण किती, हे मात्र कुणी विचारलंच नाही. २००७ मध्ये 'करमचंद' सोनीवर परतली, तेव्हा गुप्तहेर पंकज कपूरच, पण किटी सुचेता खन्ना. म्हणजे माणूस बदललं तरी ही पोस्ट रिकामी ठेवता येत नाही, आणि २२ वर्षांत तिला बढतीही मिळत नाही.

आमच्या कचेरीतही ही पोस्ट भरलेली आहे. आमची किटी पुरुष आहे, पन्नाशीची आहे आणि झुबकेदार मिशा राखून आहे.

मीटिंगमध्ये साहेब पडद्यावर तक्ते दाखवतात. आम्ही ठरावीक अंतराने माना डोलावतो. शेजारच्याने वहीत 'महत्त्वाचे' लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या असतात. रेघांखाली पान कोरं. तेवढ्यात आमचा किटी चहाचा कप खाली ठेवून विचारतो, "साहेब, म्हणजे हे पैसे आपण द्यायचे, की आपल्याला मिळायचे?"

साहेब भडकतात. "अहो, इतकी वर्षं नोकरी कशी केलीत?" मग त्याच तिरमिरीत पहिल्यापासून सगळं समजावून सांगतात, आणि रेघांखालचं कोरं पान भराभर भरायला लागतं. शेवटी किटी म्हणतो, "आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. साहेब, तुमचं डोकंच वेगळं!" साहेब "पुरे, पुरे" म्हणतात. त्या दिवशी कुणाचाही रजेचा अर्ज अडत नाही.

हुशार म्हणवून घेणाऱ्याला शंका विचारणं परवडत नाही, इभ्रत जाते. आमच्या किटीने ती नोकरीच्या पहिल्याच महिन्यात घालवली, त्यामुळे तो आता मोकळा आहे.

मध्यंतरी तो रजेवर होता. साहेबांनी तक्ता दाखवून विचारलं, "कळलं सगळ्यांना?" आम्ही एकजात माना डोलावल्या. साहेब वाट बघत थांबले. कुणीच काही विचारेना. त्यांनी एकवार तक्त्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ." तिरमिरीत समजावून सांगितल्याशिवाय तो तक्ता त्यांनाही कळत नव्हता!