बिस्किटांच्या डब्याचे वारसदार

इंग्लंडातील ज्या गावी एक जुने चर्च, दोन मद्यगृहे आणि नाण्यांचे एक अरुंद दुकान आहे, त्या गावी शनिवारी सकाळी, दुकानाचे दार उघडण्याच्याही आधी, साठी उलटलेले एक सभ्य गृहस्थ बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखोटीस मारून पायरीवर उभे असतात. हवामानाविषयी दोन शब्द बोलून झाले की ते जाहीर करतात, "मला विकायचे काहीच नाही, केवळ मोल जाणून घ्यायचे आहे." वस्तुतः मोलाचा आकडा ते घरूनच मुक्रर करून आलेले असतात आणि दुकानदाराने त्यावर शिक्कामोर्तब करावे, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते. आपल्याकडे राणीछाप रुपया लक्ष्मीपूजनाच्या ताटात मानाने बसतो, त्यामुळे त्याची किंमत विचारण्याचा अधर्म सहसा कोणाच्या हातून घडत नाही. बिचाऱ्या इंग्रजास ही सोय नाही.

या गृहस्थांचे नाणकशास्त्राचे समग्र अध्ययन १९३३ या एका सालात सामावलेले असते. त्या वर्षी पेन्यांचा साठा मुबलक असल्यामुळे टांकसाळीने अगदी मोजक्या पेन्या पाडल्या, त्यांतल्या काही कोनशिलांखाली ठेवण्यात आल्या आणि १९७० साली लीड्स येथील एका चर्चच्या कोनशिलेखालची तशी एक पेनी चोरांनी लांबवली, हा इतिहास त्यांस मुखोद्गत असल्याने पंचम जॉर्जची मुद्रा असलेली प्रत्येक पेनी ते भिंगाखाली धरतात. १९३४ सापडते, १९३६ तर मागाल तितक्या सापडतात. आणि एखाद्या पेनीवरचा शेवटचा अंक पुरता झिजलेला असला, तर तो तीनच होता याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह उरत नाही.

पारख्यासमोर कुलीन वस्तू मलिन वेषात हजर करणे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून आदल्या रात्री पितळ घासण्याचे पॉलिश आणि जुना पायमोजा घेऊन त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील पेन्यांवर चढलेली तपकिरी झाक अशा निष्ठेने उतरवलेली असते, की शंभर वर्षांच्या व्यवहाराने त्या नाण्यांचे जेवढे नुकसान केले नाही तेवढे एका रात्रीत साधते. डबा उघडताच दुकानदार क्षणभर डोळे मिटतो. गृहस्थांस वाटते, तेजाने दिपला.

मग एकेक ऐवज रुजू होतो. प्रथम १७९७ ची दोन पेन्सांची ती अजस्र तांब्याची चकती, जी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे मॅथ्यू बोल्टन यांनी वाफेच्या यंत्रावर पाडली आणि जी भरभक्कम दोन औंस भरते. जे इतके जड ते मौल्यवान असणारच, हा सिद्धांत तिच्यापुढे ठेवून ते थांबतात. त्यानंतर मखमली पेटीतून १९६५ चा चर्चिलसाहेबांचा क्राउन निघतो. अशी नाणी दीड कोटीहून अधिक पाडली गेली आणि बहुतेक लोकांनी ती जपूनच ठेवली, हे दुकानदार अदबीने निवेदन करतो, तेव्हा गृहस्थांच्या मुद्रेवर तो इसम युद्धकाळी नेमका कोणत्या पक्षास होता असा प्रश्न स्पष्ट उमटतो. पण खरे नाट्य आजोबांच्या 'सोन्याच्या गिनी'चे. तिसऱ्या जॉर्जच्या स्पेड गिनीची हुबेहूब नक्कल असलेले हे पितळी बिल्ले एकोणिसाव्या शतकात पत्त्यांच्या डावासाठी विकले जात, आणि 'गेलेल्या चांगल्या दिवसांच्या स्मरणार्थ' असा मजकूर त्यांतल्या कित्येकांवर कोरलेला असतो. राज्यावर असलेला राजा आपल्याच दिवसांचे श्राद्ध कशासाठी घालील, ही शंका कोणासही यावी. आमच्या गृहस्थांस मात्र त्यात राजाचे हळवे अंतःकरण दिसते.

शेवटी दुकानदार काही शिलिंगे व हाफ-क्राउन वेगळे काढतो. १९२० पूर्वीच्या नाण्यांत चांदी साडेब्याण्णव टक्के, तेथून १९४६ पर्यंत निम्मी आणि १९४७ पासून सामान्य नाण्यांत मुळीच नाही, एवढे सांगून तो तराजू पुढे ओढतो आणि वजनावर भरणारी रक्कम एका चिठ्ठीवर लिहून देतो. आजोबांची मिळकत वजनावर! गृहस्थ डब्याचे झाकण लावतात आणि पुढच्याच मंगळवारी ब्रिटिश म्युझियम गाठतात. तेथील विद्वान नाण्याचा राजा, काळ, टांकसाळ, सर्व काही सौजन्याने सांगतात. किंमत मात्र सांगत नाहीत, तसा त्यांचा दंडकच आहे. गृहस्थ परततात ते विजयी मुद्रेने, कारण एवढ्या मोठ्या संस्थेच्या जिभेवर जो आकडा यावयास धजत नाही, तो केवढा असेल याची कल्पना त्यांनी आगगाडीतच केलेली असते.

पुढे यथावकाश मृत्युपत्र करण्याची वेळ येते. डबा दोन्ही कन्यांस समसमान, हे कलम लिहून झाल्यावर वकील सहज विचारतो की वारसाकराच्या दृष्टीने या संग्रहाची अंदाजे किंमत काय धरावी. गृहस्थ दचकून सावरतात. "छे, छे, त्यात काय आहे!" ते म्हणतात, "आमच्या गावातील एका अत्यंत प्रामाणिक तज्ज्ञाने तो सगळा पाहिला आहे," आणि खिशाच्या पाकिटातून इतकी वर्षे घडी घालून जपलेली, दुकानदाराच्या हस्ताक्षरातील ती चिठ्ठी काढून टेबलावर ठेवतात.