बटाटेवड्याएवढा ज्वालामुखी

आमच्या शेजाऱ्यांकडे दगड आला आहे.

आला आहे म्हणजे नवी सून यावी तसा. शोकेसमधल्या गणपतीला जरा बाजूला सरकवून त्याच्यासाठी जागा केली, वर पिवळा दिवा बसवला आणि मागच्या रविवारी वहिनींचा निरोप आला, "भावजी, दगड बघायला या." नाशिकमध्ये माझा जन्म गेला. इथं मला बारशाला बोलावलंय, हुरड्याला बोलावलंय, रविवारच्या मिसळीला तर न बोलावताही गेलोय. दगड बघायला मात्र पहिल्यांदाच. आंघोळ करून गेलो.

दगड काळा, भोकाभोकांचा, बटाटेवड्याएवढा. खाली फ्रेंचमध्ये छापलेली चिठ्ठी, तिचा अर्थ साहेबांनी सांगितला: अस्सल ज्वालामुखीचा. "घ्या हातात, पण सांभाळून," साहेब म्हणाले. पडला तर दगडाला काय होणार, असं विचारणार होतो. तेवढ्यात पायाखालची इटालियन फरशी दिसली आणि काळजी कोणाची चालली आहे ते कळलं.

मग दगडाची कथा. साहेब सहकुटुंब रियुनियनला जाऊन आले. हिंदी महासागरातलं फ्रान्सचं बेट, तिथं पितों द ला फुर्नेझ नावाचा २,६३२ मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी. त्याची यांनी 'प्रायव्हेट गायडेड डे टूर' केली. सकाळी निसर्ग, दुपारी जेवण, जेवणानंतर संस्कृती, सहाच्या आत हॉटेल. 'प्रायव्हेट' या शब्दावर साहेबांचा विशेष जोर. त्या दिवशी ज्वालामुखीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, असा काहीसा त्याचा भाव.

गाइडने चौघांना एका काळ्या पठारावर नेलं, बूट काढायला लावले, तळहात दगडावर टेकवायला लावले, डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, "एक मिनिट ऐका."

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"पृथ्वी."

"म्हणजे कशी?"

साहेबांनी डोळे मिटले. "घूंऽऽ अशी."

या आवाजासाठी माणूस युरो मोजतो. आमच्या सोसायटीत मे महिन्यात बोअरवेलची गाडी आली होती, तेव्हा हीच पृथ्वी दोन रात्री घूंऽऽ करत होती आणि साहेबांनीच पोलिसांना फोन लावला होता.

संस्कृतीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण साहेबांनीही थोडक्यातच उरकला. हाताने परागीभवन केलेली व्हॅनिला, ऊसमळ्यांवर राबायला गेलेल्या तमिळ लोकांचं देऊळ, आणि जेवायला भात, 'कारी' नावाचं कालवण व मसुराची आमटी. मसूर तिथल्या सिलाओस गावचा, ज्वालामुखीच्या मातीतला, म्हणून महाग. साहेबांनी दोनदा मागून घेतला. हेच साहेब घरी मसुराची आमटी केली की वहिनींना विचारतात, "आज कोणी आजारी आहे का?"

निघताना गाइडने विचारलं, भारतात कुठले? मुंबईजवळचे, साहेब म्हणाले. तर गाइड हसून म्हणाला, "मग तुम्ही इथलेच." साहेबांना हे फार गोड वाटलं. गिऱ्हाइकाशी असं बोलावं लागतं, ट्रेनिंगच असतं त्यांचं, असं त्यांनी मला समजावलं.

गाइड खरं बोलत होता, हो! त्या अख्ख्या सहलीत तेवढं एक वाक्य पैसे वसूल करणारं होतं आणि तेच साहेबांनी टीपमध्ये सोडून दिलं. बहुतेक भूशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की रियुनियनच्या खाली जी चूल आज धगधगते आहे, तिच्यावरूनच साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी सरकत उत्तरेला गेली. जाता जाता भेगांमधून लाव्हा वर आला, थरावर थर बसले, पश्चिम घाटात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली आणि दख्खनचं पठार झालं. त्या चुलीची वाट समुद्रात अजून दिसते: लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, सांडत गेलेल्या ठिपक्यांसारखी. आज उरलेला आपला काळा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. रियुनियन बेट अडीच हजार चौरस किलोमीटरचं. म्हणजे त्या बेटासारखी दोनशे बेटं आपल्याकडे एकमेकांना खेटून बसलीत आणि त्यांतल्या एकाच्याही पायथ्याशी बूट काढून डोळे मिटणारा माणूस मी पाहिलेला नाही. बूट काढतात ते देवळाबाहेर, आणि डोळे उघडे ठेवतात ते बुटांवर.

आता वयाचं बघा. रियुनियन समुद्रातून वर आलं त्याला वीस-तीस लाख वर्षं झाली असतील. तेव्हा आपले ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंगी थिजून, झिजून म्हातारे झाले होते. साहेबांच्या शोकेसमधला दगड आपल्या डोंगरांसमोर रांगतं पोर आहे. आणि हे पोर बघायला पाच हजार किलोमीटर! कसारा घाटात रेल्वेमार्गासाठी कापलेल्या कडा आहेत. त्यांच्यात लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे दिसतात, मध्ये कुठं कुठं लाल मातीचा पट्टा. एक थर निवला, त्याची माती झाली आणि मग पुढचा आला, त्या मधल्या सुट्टीची ती नोंद. पंचवटी एक्स्प्रेसने साहेबांनी हा घाट किती वेळा पार केला असेल? तिकडे ते घाटात फोन लागत नाही म्हणून चिडतात.

'काखेत कळसा' ही म्हण मला इथं वापरता येत नाही. कळसा काखेत असायला हवा ना. तो साहेबांनी केव्हाच काढून टाकलाय.

मी पाट्याबद्दल बोलतोय. साहेबांच्या आईंचा पाटा-वरवंटा होता. चांगला दीड हात लांब, मधे खोल झालेला, कडेला हळदीचा डाग मुरलेला. त्या पाट्यावर वाटलेली खोबऱ्याची चटणी मी खाल्ली आहे; म्हणून या विषयावर मी तटस्थ राहू शकत नाही, हे आधीच सांगतो. त्या काळी गल्लीतून बायका ओरडत जायच्या, "पाट्याला, जात्याला टाकीऽऽ." पाटा गुळगुळीत झाला की वाटत नाही, घसरतो. मग ती बाई अंगणात बसायची, हातात छिन्नी-हातोडी, आणि टक-टक-टक करत अर्ध्या तासात पाट्याला पुन्हा दात आणून द्यायची. अंगणात काळी भुकटी उडायची. सहा कोटी वर्षांची भुकटी, आणि आईंचा आग्रह असा की पहिलं वाटण तांदळाचं करून फेकायचं, म्हणजे कच पोटात जायची नाही. दगडाला हात लावणं, दगड ऐकणं याला त्या घरात 'स्वयंपाक' म्हणत. आई गेल्या. मॉड्युलर किचन आलं. पाटा भंगारवाल्याला दाखवला, त्याने घेतला नाही. लोखंड असतं तर घेतलं असतं. शेवटी वॉचमनने तो पार्किंगच्या उतारावर नेऊन ठेवला. आज साहेबांच्या गाडीच्या मागच्या टायरखाली जो काळा दगड आहे, गाडी घरंगळू नये म्हणून, तो हा.

मी साहेबांना म्हटलं, "तुमच्या टायरखालचा आणि या दिव्याखालचा, जात एकच. बेसाल्ट. उलट टायरखालचा थोरला."

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "असेल. पण त्याला सर्टिफिकेट नाहीये ना."

त्या रात्री मी ठरवलं, आपणच सहल काढायची. खास नाशिकची, प्रायव्हेट, गायडेड, सकाळी निसर्ग, दुपारी संस्कृती. पाहुणे साहेब. गाइड मी. कार्यक्रम पुढीलप्रमाणे.

सकाळी सात. पहिला थांबा त्र्यंबकच्या वाटेवर, ब्रह्मगिरी समोर धरून. इथं शंकराने जटा आपटली आणि गोदावरी निघाली, ती पुढे १,४६५ किलोमीटर गेली. बूट काढा, डोळे मिटा, ऐका. काही ऐकू येतंय? नाही, पृथ्वी नव्हे, तो सुरुंग आहे. डोळे उघडा. समोर अर्धा डोंगर दिसतोय, उरलेला अर्धा हायवा ट्रकमध्ये चढतोय. अभ्यासूंची इथं फार सोय आहे: लाव्हाचे थर बघायला कसाऱ्यापर्यंत जायला नको, जेसीबीने टेकडी मधोमध कापून आडवा छेद दाखवलेला आहे. दुसरा थांबा अंजनेरी. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून सगळ्यांना ठाऊक. कड्यावर गिधाडं घरटी करतात आणि वर सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प उगवतं, ज्याच्या नावातच हा डोंगर आहे आणि ज्याची शास्त्रीय नोंद याच शतकात झाली. पावसाळ्यात यावं. त्या वेळी फुलाच्या आजूबाजूला वेफर्सच्या पुड्या, स्पीकर आणि रील काढणारी मंडळी यांचाही बहर असतो. तिसरा थांबा मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेच्या खाणी. इथं पाहुण्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. दख्खनचा सगळा इतिहास इथं चार चाळण्यांतून जातो आणि त्याची प्रतवारी होते: डबर, खडी, ग्रिट, कच. भाव ब्रासवर. पृथ्वीने सहा कोटी वर्षं सांभाळलेली वस्तू ब्रासच्या भावाने दुपारपर्यंत संपते, आणि संध्याकाळी आपण त्याच खडीच्या स्लॅबवर उभे राहून बाल्कनीतून म्हणतो, इथून पूर्वी डोंगर दिसायचा.

दुपारी संस्कृती. पांडवलेणी, त्रिरश्मी डोंगर, २४ लेणी, सगळी या काळ्या दगडात कोरलेली. क्रमांक दहाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली: २,००० दरमहा एक टक्क्याने, १,००० दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज घ्यायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला बारा-बारा कार्षापणं चीवरासाठी. करा गुणाकार, हिशोब पैला पै जुळतो. दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव, पावती डोंगरावर कोरलेली, म्हणजे कोणी पळून जाऊन सांगायला नको की नोंद सापडत नाही. क्रमांक तीनमध्ये गौतमी बलश्रीचा लेख, एका आईने आपल्या गेलेल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल लिहून ठेवलेला. आणि या थोर मजकुरांच्या आसपास, जिथं हात पोचेल तिथं, किल्लीने, खिळ्याने ओरखडून बाणाने जोडलेली नावं. त्या आईने एवढं मोठं राज्य मुलाच्या नावाने दगडावर ठेवलं आणि आमच्या पोरांनी शेजारी कंसात तारीख घातली.

शेवटचा थांबा रामकुंड. साहेबांनी मला रियुनियनच्या एका चर्चची गोष्ट तीनदा सांगितली होती. १९७७ साली लाव्हा गावात शिरला, चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन बाजूंनी वळून पुढे गेला. लोक चमत्कार मानतात. साहेब, आमच्याकडेही देवाच्या दारापर्यंत एक करडा प्रवाह आला होता. गोदावरीच्या जुन्या कुंडांपाशी. त्यात सिमेंट होतं, वाळू होती आणि खडी होती; म्हणजे शेवटी आपलाच लाव्हा, दळून आणलेला. तो मात्र थांबला नाही. कुंडांच्या तळात उतरला, नदीचा तळ लिंपला, जिवंत झऱ्यांची तोंडं बुजवली आणि थिजला. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हानेही झऱ्यांना वाट ठेवली होती. त्याला टेंडर नव्हतं काढायचं. आता सिंहस्थ येतोय. लाखो माणसं त्याच पाण्यात पुण्य शोधतील आणि नदी बिचारी टँकरची वाट पाहील. मला राग येतो तो फ्रेंच बेटाचा नाही. त्यांनी आपले डोंगर जागतिक वारसा यादीत नेले, २०१० साली, आणि बसले तिकिटं फाडत, शहाणे लोक. मला राग येतो तो, ज्यांना तिकडच्या मुठीएवढ्या दगडासमोर डोळे मिटता येतात आणि इकडच्या डोंगरासमोर उघडता येत नाहीत, त्यांचा.

सहल झाली नाही. साहेब म्हणाले, उन्हाचं नको, आणि तिकडे पार्किंग असतं का? पण या सगळ्यातून एक गोष्ट झाली. मी पाटा मागितला.

"घेऊन जा की," ते म्हणाले. "फक्त टायरखाली दुसरं काहीतरी ठेवा."

सिमेंटचा ब्लॉक ठेवला. मी आणि वॉचमन, दोघांनी मिळून पाटा वर आणला, लिफ्टमध्ये तो साडेचार माणसांएवढा वाटला. ब्रशने घासला. टायरचा काळा निघाला, हळदीचा डाग तसाच आहे. सौभाग्यवतीने काल लसूण-खोबरं टाकून बघितलं. घसरतंय, दात गेलेत. गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत चौकशी केली. टाकी लावणारी बाई आता गल्लीत येत नाही.

कोणाच्या माहितीत असेल तर कळवा. चटणी अर्धी तुमची.