तिसऱ्या बंगल्यातली टोमॅटोची रोपं

"ऐकलंत का मावशी? तिसऱ्या बंगल्यातल्या काकांची टोमॅटोची रोपं एका रात्रीत आडवी झाली!"

"आडवी? चांगली वीतभर झाली होती की! परवा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला गेटपाशी थांबवून दाखवत होते." मावशींनी पिळलेली साडी पुन्हा बादलीत टाकली आणि कुंपणाशी आल्या. "आणि खरं सांगू? वीतभर झाली तीच गोम. ट्रे ठेवलेला हॉलच्या कोपऱ्यात, वर नुसती ट्यूबलाइट. रोप बिचारं उजेडासाठी मान लांब करत राहतं. दांडा काटकुळा, पानं फिक्कट. ते उभं राहणार कशाच्या जिवावर?"

"काकूंचं म्हणणं वेगळंच आहे. शिवरात्रीला तुमच्याकडे पाहुण्या आल्या होत्या ना, त्या 'किती छान रोपं' म्हणाल्या, त्यांची दृष्ट लागली म्हणे."

"माझ्या नणंदेची? तिची दृष्ट लागत असती तर आमचा वांग्याचा वाफा कधीच आटोपला असता, इतकी वर्षं डोळा ठेवून आहे त्याच्यावर! अगं, दृष्ट नाही, बुरशी. काकूला विचार, दांडा मातीला टेकतो तिथं पाणचट होऊन दोऱ्याएवढा झाला होता का नाही. वर पानं हिरवीगार आणि खाली कमरेत मोडलेलं. रोप कोलमडतं ते असंच. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, निजताना पुन्हा फवारा. ट्रेला भोकं नाहीत, खोलीत वारा नाही. बुरशीला आणखी काय पाहिजे?"

"मग आता?"

"गेली ती गेली. काढून लांब टाकायची, खताच्या खड्ड्यात नाही. उरलेला ट्रे उजेडात, वाऱ्यात ठेवायचा. पाणी सकाळीच, तेसुद्धा वरची माती बोटानं चाचपून. दिवेलागणीला माती वरून कोरडी दिसली पाहिजे. आणि पुढच्या खेपेला बियाला आधी ट्रायकोडर्मा चोळायचं. शेतावर किलोला 5 ग्रॅम घेतात. काकांचं बी चमचाभर, त्यांना चिमूटसुद्धा जास्त."

मावशींचा धाकटा गिरणाऱ्याकडे टोमॅटो करतो. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या कुंड्यांचा निवाडा शेवटी त्यांच्याच दारात होतो. मी विचारलं, "तुमची रोपं कुठवर आली?"

"मिरची तयार आहे. संक्रांतीला टाकली होती. टोमॅटो रथसप्तमी झाल्यावर टाकला, त्याला अजून थोडे दिवस हवेत."

"वेगवेगळं कशाला? काकांनी तर दोन्ही एकाच दिवशी टाकलं."

"म्हणूनच त्यांचा टोमॅटो म्हातारा झाला नि मिरची अजून पाळण्यात! टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत लावायला येतं, मिरचीला चाळीसेक दिवस लागतात. मिरची उगवायलाच नखरे करते. टोमॅटोचं बी आठवड्याच्या आत डोकं वर काढतं, हिची पंधरा-पंधरा दिवस वाट बघावी लागते. त्यात नाशकातली थंडी. संक्रांतीच्या सुमाराला रात्री पारा 10 च्या खाली उतरतो, निफाडला तर विचारूच नको. आणि ह्या बाईला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. मी बी ओल्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरात ठेवते, मोड दिसले की ट्रेमध्ये. नर्सरीवाले काय करतात, भरलेले ट्रे एकावर एक रचून वरून प्लॅस्टिक घालतात. आतल्या आत ऊब धरते. पण कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे सुटे करून उजेडात, नाहीतर काकांचा हॉल!"

"ते कोकोपीट घ्यावंच लागतं का हो?"

"तो 98 कप्प्यांच्या ट्रेवाल्यांचा खेळ. घरी गाळलेली माती, जुनं शेणखत आणि थोडी वाळू पुरे. शेणखत जुनंच हवं. कच्च्या खताबरोबर हुमणी घरात येते, भाडंही देत नाही."

एवढ्यात समोरून काकाच गेले, तोंडात बार भरलेला. आम्ही दोघींनी पदराआड हसू दाबलं. ते वळणाआड जाईपर्यंत मावशी गप्प राहिल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हे बघितलंस? तळहातावर तंबाखू मळायची नि त्याच हातानं रोपं चिवडायची!"

"त्यानं काय होतं?"

"तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा, सगळी एका कुळातली. तंबाखूच्या पानातला मोझॅकचा व्हायरस वाळल्यावरही जिवंत राहतो. हाताला लागला की रोपाला लागला. पानावर हिरवे-पिवळे डाग पडतात, पान आक्रसतं, त्यावर औषध नाही. आमच्या शेतावर लावणीच्या बायकांना धाकटा आधी साबणानं हात धुवायला लावतो. पहिल्या वर्षी बायका हसल्या. आता मिश्री लावणारीसुद्धा आधी मोरीकडे जाते."

"व्हायरसचं ऐकलं की 2020 आठवतं. तेव्हा टोमॅटोलापण काहीतरी झालं होतं ना?"

"तिरंगा म्हणायचे त्याला! संगमनेर, अकोले, जुन्नरकडचा उन्हाळी टोमॅटो. एकाच फळावर हिरवं, पिवळं, लाल. पिकायचा म्हणून नाही. बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेकडे नमुने गेले, तर निघाला काकडीवरचा मोझॅक व्हायरस. तो मावा पसरवतो. आणि पानं वळवणारा तो दुसरा, पांढऱ्या माशीचा. म्हणून रोप लहान असतानाच झाकायचं. पाचव्या घरातल्या सूनबाईनं मच्छरदाणी घातलीय. तिच्या भोकातून पांढरी माशी बिनदिक्कत ये-जा करते! तिला 50 मेशची बारीक जाळी लागते."

"तिचं तर मोठं प्रकरण आहे, मावशी. मॉलमधून लाल-पिवळी ढोबळी आणली, भाजी केली आणि बी वाळवून पेरलं. सासूबाई म्हणतात, एवढ्या महागाची मिरची खाल्ली ते बियांसाठीच."

"उगवेल, का नाही उगवणार! पण ती संकरित. आईसारखी मुलगी निघेलच असं नाही. लाल ढोबळीच्या पोटी काय जन्माला येईल ते देवालाच ठाऊक. आणि ढोबळी म्हणजे नाजूक काम. चैत्र-वैशाखाच्या उन्हात फुलं गाळते. तिला शेडनेट लागतं. सूनबाईला हौसच असेल तर साधी ज्वाला लाव म्हणावं, कुंडीतसुद्धा लगडते. राहुरीची फुले ज्योती मिळाली तर आणखी छान, घोसानं लागते."

"आणि लावणी कधी करायची? मला दोन-चार रोपं द्याल ना?"

"तुला नाही तर कुणाला? पण नेशील ती आधी तयार करून ने. चार-पाच दिवस पाणी कमी करायचं, रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवायचं. दांडा जरा जांभळट, टणक होतो. मग लावायची, ती ऊन कललं की. सकाळी लावशील तर दुपारपर्यंत माना टाकतील. खड्ड्यात आधी पाणी, मग रोप. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी द्यायची. आणि एक नीट ऐक, इथंच सगळे चुकतात." त्यांनी ट्रे कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, टोमॅटोचं एक रोप बोटांत धरून किंचित तिरकं केलं. "हे खाली बघ. दांड्यावर पांढरट बारीक पुटकुळ्या दिसतात?"

दिसत होत्या. मोहरीच्या दाण्याहून लहान, खालच्या पानांच्या आसपास.

"तिथनं मुळ्या फुटतात. म्हणून टोमॅटो खोल लावायचा. खालची दोन पानं खुडायची आणि दांडा निम्म्यापर्यंत मातीत. लांबुडकं झालं असेल तर आडवं पुरून नुसता शेंडा वर ठेवला तरी चालतं. काकांची उरलेली रोपं अशीच वाचतील. पण मिरचीला हे करायचं नाही! ती ट्रेमध्ये जेवढी खोल होती तेवढीच. दांड्यावर माती चढली आणि पाणी साचलं की बुडाशी कुजते."

"म्हणजे टोमॅटोला जे चालतं ते मिरचीला नाही."

"एकाच कुळातल्या, एकाच वाफ्यात उभ्या राहणाऱ्या, पण एकीचा नियम दुसरीला लावला की दोन्ही जातात. बी टाकायची वेळ वेगळी, खोली वेगळी, वाट बघणं वेगळं. गल्लीतल्या सगळ्यांची तक्रार एकच, 'टोमॅटो आला पण मिरची आली नाही', नाहीतर उलटं. दोघींना एका झारीनं पाणी घातलं की दुसरं काय होणार?"

मी म्हटलं, "एवढं सगळं करून बाजारात टोमॅटो दहा रुपयांनी मिळाला म्हणजे?"

"मिळतोच की कधी कधी. 2023 च्या मे महिन्यात लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला आणि जुलैत तोच शंभरीपार गेला. धाकट्यानं मेमधला भाव बघून प्लॉट सोडून दिला होता. जुन्नरकडच्या ज्यांनी झाडं धरून ठेवली, त्यांतल्या काहींनी कोटीचा आकडा बघितला, पेपरात आलं होतं. जुलैभर आमच्या घरात टोमॅटोचं नाव काढायची सोय नव्हती. धाकटा कोशिंबिरीच्या ताटावरनंसुद्धा उठायचा! म्हणून दारची चार झाडं सोडायची नाहीत. भाव पडला तर सार करू, चढला तर मिरवू."

"मग माझी चार टोमॅटोची, चार मिरचीची ठरली हं."

"ठरली. पण फुकट नाही. चैत्रात आम्ही चार-आठ दिवस वणीला गडावर जाणार, यात्रेला. तेव्हा झाडं फुलावर असतात, पाण्यात खंड पडला की फूल गळतं. रोज सकाळी माझ्या वाफ्याला पाणी घालायचं."

"घालते. पण पहिल्या तोडणीत निम्मा वाटा माझा."

"निम्मा? नणंदबाईंनासुद्धा पाव देते मी!"

"त्या नुसता डोळा ठेवतात, मावशी. मी झारी उचलणार आहे."

"बरं, टोमॅटो निम्मा," मावशी बादली उचलत म्हणाल्या. "मिरचीचं मात्र यात्रेहून आल्यावर बोलू. तिचा हिशेब वेगळा."