हाकेच्या अंतरावर

नानांच्या ऑफिसात भिंतीवर चाव्यांचा बोर्ड आहे. प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा, आणि त्यावर पत्ता सोडून सगळं लिहिलेलं. 'कुत्रेवाल्या बाई', 'अमेरिकावाले', 'लिफ्ट बंद', 'भाव खातो'. पत्ते फक्त नानांच्या डोक्यात. कोथरूडमध्ये इस्टेट एजंट म्हणून केस पांढरे केलेल्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक असतं, की दुसऱ्या एजंटला बिल्डिंगचं नाव कळलं तर तो संध्याकाळच्या आत वॉचमनला चहा पाजून ओनरचा नंबर काढतो. ठाऊक असणारच, नानांनी उभा जन्म तेच केलंय.

असा हा माणूस सध्या एजंट मंडळींसाठी चांगला ऑनलाइन ग्रुप शोधतो आहे. "धंदा आता एकट्याचा राहिला नाही हो," असं ते कोणालाही थांबवून सांगतात. "तुमच्याकडे फ्लॅट, माझ्याकडे पार्टी. साइड बाय साइड करायचं, विषय संपला. फक्त सगळ्यांनी मोकळेपणानं माल टाकला पाहिजे." या 'सगळ्यां'त नाना धरायचे नाहीत, हे समजायला ऐकणाऱ्याला थोडा वेळ लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर ते अर्थातच आहेत. ग्रुपला 256 जणांची मर्यादा होती तेव्हा त्यांना गर्दी वाटायची. 2022 मध्ये ती 1,024 झाली तेव्हा वारजे ते बाणेर सगळे एजंट एकाच मांडवात आले. आता तिथं कोणाच्या तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली लगेच 'रेडी पझेशन, व्हेंटिलेशन उत्तम' येतं. नानांचा मेसेज मात्र ओळखू येतो. "टू बीएचके, सेमी फर्निश्ड, नामांकित सोसायटी, मेट्रोपासून हाकेच्या अंतरावर. सीरियस पार्टी असेल तरच फोन." वनाझपासून गरवारे कॉलेजपर्यंत पाच स्टेशनं आहेत. नानांची हाक पाचही स्टेशनांना पुरते.

फोटोंचीही तीच तऱ्हा. गॅलरी नाही, खिडकीला पडदा ओढलेला. एकदा बेडरूमच्या कपाटाचा आरसा फोटोत आला आणि त्यात समोरच्या दुकानाची पाटी उमटली. तीन एजंटांनी ती उलटी अक्षरं सुलटी लावून वाचली आणि नानांच्या आधी ओनरच्या दारात पोचले. तेव्हापासून नाना संडासाचा फोटो आधी टाकतात. तिथून बाहेरचं काही दिसत नाही.

मग टेलिग्राम झालं. तिथं आपला नंबर लपवता येतो म्हणून नाना हरखले; दोन लाख माणसं मावतात म्हटल्यावर दचकले; आणि इतरांचेही नंबर लपलेले असतात हे कळल्यावर बाहेर पडले. फेसबुकच्या ग्रुपात घरमालक स्वतःच जाहिरात टाकतात आणि खाली 'एजंटांनी फोन करू नये' असं लिहितात. नाना फोन करतात. भाचीसाठी बघतोय म्हणतात. या भाचीनं आजवर निम्मं कोथरूड बघितलं असेल.

म्हणून माणूस आळशी किंवा अडाणी आहे असं समजू नका. महारेरानं 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा नातवाच्या शेजारी बसून त्यांनी अभ्यास केला. कार्पेट एरियाची व्याख्या अजून झोपेतून उठवलं तरी सांगतील. सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या खालीच लावलंय.

न्यू जर्सीच्या भाच्यानं (हा खरा आहे) त्यांना तिकडची पद्धत सांगितली. तिथं एजंट लोकांची सामाईक यादी असते, एमएलएस म्हणतात तिला. आपल्याकडे आलेलं घर एजंट त्या यादीत टाकतो, दुसरा एजंट गिऱ्हाईक आणतो.

"पत्त्यासकट टाकतात?" नानांनी विचारलं.

"पत्ता नको का, मामा? घर बघायला कुठं जाणार?"

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "श्रीमंत देश आहे. परवडतं त्यांना."

शेवटी त्यांनी स्वतःचाच ग्रुप काढला. नातवाला समोर बसवून सगळ्या सेटिंग वाचून घेतल्या. त्यांतली एक त्यांना फारच पटली. मेसेज फक्त ॲडमिनला टाकता येईल, बाकीच्यांनी वाचायचं. "वा! शिस्त पाहिजेच," म्हणाले आणि ॲडमिन एकटेच राहिले. पहिला मेसेज टाकला, "सर्व बांधवांनी आपापला माल पत्त्यासह मोकळेपणाने टाकावा." सगळ्यांनी वाचला.

परवा दुकानावरून जाताना त्यांनी मला हाक मारली, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"बघा," फोन माझ्यापुढे धरत म्हणाले, "एवढी माणसं जमवली. कोणी एक फ्लॅट टाकेल तर शपथ! मराठी माणूस धंद्यात मागं का, ते हे असं."