साकवावरून न पडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

साकव म्हणजे कोकणातल्या वाडीत पऱ्यावर किंवा वहाळावर आडवे टाकलेले माडाचे वा पोफळीचे खोड. खोडे दोन असली तर तो चांगला साकव, तीन असली तर घरमालकाच्या प्रतिष्ठेचा भाग आणि एकच असले तर ‘सध्यापुरता’. ही सध्यापुरती व्यवस्था दोन पिढ्या सहज चालते. खोड तेवढे बदलत जाते. सरकारी कागदपत्रांत साकव म्हटले की सिमेंटचा छोटा पूल येतो. त्याचा विचार येथे केलेला नाही. शेवाळ मात्र त्याच्यावरही तितक्याच निष्ठेने धरते.

किनाऱ्यालगतच्या कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मृग लागून काही दिवस गेले की सावलीतल्या लाकडावर सूक्ष्म शैवालांचा थर बसू लागतो. यातल्या अनेक शैवालांच्या पेशींभोवती बुळबुळीत आवरण असते. त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा साचला की पाऊल लाकडाला टेकतच नाही. ते शेवाळावर आणि पाण्यावर टेकते. हिरवेगार, जाड, मखमली शेवाळ त्या मानाने निरुपद्रवी म्हणावे, कारण ते दिसते आणि माणूस त्याला वळसा घालतो. माणसे पडतात ती काळसर, जवळजवळ न दिसणाऱ्या थरावर, आणि पडल्यावर ‘इथे तर काहीच नव्हते’ असे शपथेवर सांगतात.

या संकटावर सर्वाधिक प्रचलित उपाय तोंडी आहे. काठावर उभ्या असलेल्या व्यक्तीने ‘सांभाळून हं!’ असे मोठ्याने म्हणणे, हे त्याचे स्वरूप. याला खर्च नाही, साहित्य लागत नाही आणि कोणत्याही वयाच्या माणसाला तो करता येतो. दोष एकच: हा उपाय बहुधा पहिला पाय सुटल्यानंतर अमलात येतो. शिवाय हाक ऐकून चालणारा वर पाहतो आणि दुसरा पायही सोडतो.

दुसरा उपाय कठड्याचा. दोन्ही काठांवर मेढी पुरून कमरेच्या उंचीवर आडवा बांबू बांधतात. तो जरूर बांधावा, पण त्यावर विसंबू नये. वाडीतला माणूस रिकाम्या हाताने साकव ओलांडतो, असे क्वचितच घडते. डोक्यावर गवताचा भारा असतो, कमरेवर कळशी असते, नाहीतर दोन्ही हातांत नारळ असतात. खरी कसोटी भाद्रपदात. गणपतीच्या शाळेतून मूर्ती पाटावर ठेवून डोक्यावरून घरी आणली जाते, तेव्हा दोन्ही हात पाटाला गुंतलेले असतात आणि कठड्यासाठी तिसरा हात मानवजातीकडे नाही. म्हणून पकड हाताला नव्हे, पावलाला मिळाली पाहिजे; साकवाची सगळी सुरक्षितता खोडाच्या पाठीवर आहे. हे तत्त्व गावोगाव मान्य आहे, याचा पुरावा असा की चतुर्थीच्या आदल्या दिवशी साकव हमखास घासला जातो. त्याआधी जून, जुलैमध्ये पडलेले लोक हे घरचेच असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा मुहूर्त काढण्याची प्रथा नाही.

घासण्याची रीत सोपी आहे. कोयत्याच्या बोथट पाठीने थर आधी खरवडावा, मग हिरांच्या खराट्याने, खोडाच्या आडव्या दिशेने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. साबण वापरल्यास तो पूर्ण निघेपर्यंत धुवावा, नाहीतर शेवाळाची जागा साबण घेतो. ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने शेवाळ मरते, पण ते पाणी साकवावर ओतले की वहाळात जाते आणि खाली मासे असतात. खोड ओढून काठावर आणता येत असेल तरच ती लावावी, आणि संडास धुण्याच्या आम्लात ती कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही सूचना गमतीने दिलेली नाही.

शेवाळाचे मूळ कारण ओल आणि सावली. डोक्यावरची फांदी छाटली की खोडाला ऊन-वारा मिळतो आणि निम्मे काम होते. परंतु ही फांदी बहुधा शेजाऱ्याच्या फणसाची असते. तेथे हा विषय बागकामातून दिवाणी न्यायालयात जातो. निकाल लागेपर्यंत खराटा चालू ठेवावा.

खोडाची पाठ खडबडीत करणे हा टिकाऊ उपाय. गोल खोडाचा वरचा भाग वाकसाने तासून सपाट करावा आणि तासल्याच्या खुणा तशाच राहू द्याव्यात. येथे सुताराच्या अभिमानापासून सावध राहावे लागते. चांगला सुतार तसे ओबडधोबड काम सोडून जात नाही. लक्ष चुकले की तो रंधा मारतो, आणि साकव गावात सर्वांत सुंदर व सर्वांत घातक होतो. तासलेल्या पाठीवर काथ्याचा सुंभ बोटबोट अंतराने घट्ट गुंडाळावा. काथ्या ओलाव्यात लवकर कुजत नाही आणि त्याचे आडवे विळखे पावलाला अडवतात. सुंभाऐवजी बांबूच्या कामट्या ठोकता येतात, मात्र त्या वीतभर अंतरावर हव्यात. पावलापावलाच्या अंतरावर ठोकल्या तर प्रत्येक पाऊल नेमके दोन कामट्यांच्या मधे पडते. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकण्याचीही पद्धत आहे. पकड उत्तम मिळते, पण कडा नीट दुमडल्या नाहीत तर ती नऊवारीचा काठ, लेंग्याचा पाय आणि अंगठ्याचे नख यांत भेदभाव करत नाही. फळ्यांचा साकव असेल तर एप्रिल-मेमध्ये, लाकूड कोरडे असताना, ऑइलपेंटच्या ओल्या हातावर चाळलेली वाळू भुरभुरावी आणि रंग वाळल्यावर दुसरा हात द्यावा. झावळ्या पसरण्याची कल्पना पायवाटेवर ठीक. साकवावर त्या सरकतात आणि कुजल्या की स्वतःच निसरड्या होतात.

चालणाऱ्याकडूनही थोडी अपेक्षा आहे. टाच आधी टेकली की ती पुढे घसरते, म्हणून पावले आखूड टाकावीत आणि संपूर्ण तळवा एकदम टेकवावा. गावकरी असेच चालतात. गणपतीला आलेला चाकरमानी फलाटावर चालावे तसा येतो. झिजलेल्या तळाची रबरी चप्पल सर्वांत धोकादायक, आणि घरोघरी नेमकी तीच वाडीत वापरायला ठेवलेली असते, कारण नवी जोडी देवळात जाण्यासाठी असते. अनवाणी पाऊल त्यापेक्षा बरे. बोटांना खोड धरता येते.

शेवटी खोडाची तपासणी. माडाचे लाकूड बाहेरून कठीण आणि आतून भुसभुशीत असते, त्यामुळे ते आतून कुजते आणि वरून धडधाकट दिसते. दर मे महिन्यात खोडाच्या कापलेल्या तोंडाशी, मधोमध, कोयत्याचे टोक खुपसावे. ते सहज आत गेले तर मृगाच्या आधी नवे खोड टाकावे. जुने न्हाणीघराच्या चुलीत जावे. ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून ते काठावरच ठेवल्यास पावसाळ्यात त्याला अडखळून लोक पडतात. तो प्रकार साकवावरून पडण्यात मोडत नाही.