बिनखर्ची बैठक

नाशिकच्या एका कचेरीने व्हिडिओ कॉन्फरन्सचा खर्च ज्या कौशल्याने आटोक्यात आणला, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. हिशेब सरळ आहे: 50 जणांचे चेहरे सगळ्यांना दाखवायचे तर सर्व्हरला 50 गुणिले 49, म्हणजे 2,450 व्हिडिओ वाटत बसावे लागते. म्हणून आधी कॅमेरे बंद झाले. मग माइक. सुरगाण्याचे भाऊसाहेब तेवढे टेकाडावर रेंज धरून ‘आवाज येतोय का?’ विचारत राहतात. उत्तर देऊन बँडविड्थ वाया घालवण्याइतके बेजबाबदार मात्र कोणी नाही. झूमची फुकटातली 40 मिनिटे यातच सुखाने सरतात. पुढचा टप्पा अर्थातच लिंक न पाठवण्याचा. इतिवृत्त तसेही आदल्या संध्याकाळीच टाइप होऊन, सह्यांसह, फायलीला लागलेले असते.